मिती आणि मुक्काम

माझ्या हातून उतरलेल्या एका प्रोग्रॅमने काही वर्षांपूर्वी कोल्हापूरकडील एका शाळेची अखंड इयत्ता तिच्या खऱ्या जन्माच्या आदल्या दिवशी जन्मास घातली होती. आणि ही गोष्ट मला, म्हणजे प्रत्यक्ष त्या प्रोग्रॅमच्या कर्त्याला, न कळता तेथील वृद्ध कारकुनास आधी कळली, या एका लज्जास्पद प्रसंगात प्रस्तुत पुस्तिकेचा उगम आहे हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. काम शाळा सोडल्याचे दाखले छापून देण्याचे होते. जन्मतारखा जनरल रजिस्टरातून उतरवून घेतल्या होत्या, त्या दोन वेळा ताडून पाहिल्या होत्या, आणि तरीही छापून बाहेर पडलेल्या दाखल्यांवर प्रत्येक मूल एका दिवसाने थोरले झाले होते. कारकुनांचा फोन आला तो तक्रारीच्या सुरात नव्हे, काहीशा कौतुकाच्या सुरातच. "साहेब," ते म्हणाले, "तुमच्या मशिनीत आमची निम्मी पोरं एकतीस मेला जन्मलीत. आमच्या गावात एकतीस मेला कुणी जन्मत नाही. सगळी एक जूनची."

ज्या मुलाच्या जन्माची नोंद घरी कोणी ठेवली नाही, त्यास शाळेत घालतेवेळी गुरुजींनी एक जून ही तारीख बहाल करावी, हा महाराष्ट्रातील जुना शिरस्ता ज्यास ठाऊक आहे त्यास या वाक्यातील खोच निराळी समजावून सांगावयास नको. माझी चूक इतर तारखांच्या गर्दीत कदाचित वर्षानुवर्षे सुखाने दडून राहिली असती. पण गुरुजींच्या त्या जुन्या, सर्वमान्य आणि निरुपद्रवी असत्याने माझे नवे असत्य चव्हाट्यावर आणले.

चूक अशी होती. 'एक जून' एवढीच गोष्ट मला नोंदवावयाची होती, परंतु यंत्राकडे तारीख ठेवण्याची जी तयार पेटी मी उचलली ती तारखेची नव्हती, क्षणाची होती. म्हणून तिने तारखेला स्वतःच्या पदरचे मध्यरात्रीचे ००:०० चिकटवले, तेही भारतीय प्रमाणवेळेचे. पुढे ती नोंद ज्या सर्व्हरवर गेली तो सारा व्यवहार जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत, करणारा. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. सबब त्याच्या वहीत एक जूनची मध्यरात्र ३१ मे, १८:३० अशी रुजू झाली. येथवर काहीही बिघडले नव्हते, कारण क्षण तोच होता, त्याचा पोशाख तेवढा बदलला होता. बिघडवले ते मी: दाखला छापताना त्या नोंदीची पहिली दहा अक्षरे कापून घेतली आणि उरलेली फेकून दिली. भारतात बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ज्या कोणास आपल्या नोंदींच्या रांगेत १८:३० हा आकडा पुन्हा पुन्हा डोकावताना दिसेल, त्याने समजावे की कोणाची तरी मध्यरात्र परगावी गेली आहे. त्याच कुळातील दुसरी खूण म्हणजे १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच. त्या मितीला यंत्रांच्या कालगणनेचे शून्य जागतिक वेळेच्या मध्यरात्रीस धरले गेले, आणि जेथे तारीख मुळीच भरलेली नाही तेथे हे शून्य आपल्याकडे साडेपाच वाजण्याच्या मिषाने पडद्यावर उगवते.

मी तंजावरात राहतो, आणि आमचे घराणे भोसल्यांच्या पदरी येथे आलेल्या मराठी मंडळींपैकी. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि पंचांगाच्या बाबतीत दोन्ही, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. म्हणून त्या फोननंतर माझे मन प्रथम गेले ते कोणत्याही संगणकशास्त्राच्या ग्रंथाकडे नव्हे. ते गेले आमच्याच गावच्या जुन्या कागदांकडे. बृहदीश्वराच्या प्राकारात दुसऱ्या सरफोजी महाराजांनी १८०३ साली भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत, दगडावर कोरवून ठेवला आहे, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे बांधलेले रुमाल आहेत, हे बहुतेक मराठी वाचकांस ऐकून तरी माहीत असते. ज्याने मराठी दफ्तरातील कागद हाताळले आहेत त्यास हेही माहीत असते की त्या कारकुनांना एका मितीवर समाधान नसे. १८०३ च्या डिसेंबरातील एखादा दिवस घ्या. शालिवाहन शकाने वर्ष १७२५, दक्षिणेकडील गणनेने रुधिरोद्गारी नाम संवत्सर; शुहूर सनाने तेच वर्ष १२०४, तेही आकड्यांत नव्हे तर अरबी संख्याशब्दांत, 'आर्बा मयातैन व अलफ', म्हणजे चार, दोनशे आणि हजार; दक्षिणी फसलीने १२१३; आणि कंपनीच्या साहेबाला पाठवावयाच्या पत्रावर इसवी सन. यांतील प्रत्येक वर्षाचा आरंभ निराळा. शक चैत्र शुद्ध प्रतिपदेस बदलणार, शुहूर सन मृग लागला की, फसली आषाढाच्या सुमारास, इसवी जानेवारीत. त्यामुळे 'शके १७२५ म्हणजे इसवी १८०३' असे जो सरसकट लिहून मोकळा होतो तो वर्षाच्या शेवटच्या तिमाहीपुरता नेमका खोटा ठरतो. आणि 'शुहूर सनात ५९९ मिळवा' हे जो पाठ करतो त्यास जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात याचा विसर पडतो.

हे वाचून आजच्या तरुण प्रोग्रॅमरास वाटेल की त्या बिचाऱ्यांचा केवढा गोंधळ! मला उलट वाटते. ते कारकून आपल्यापेक्षा सावध होते. कोणती मिती कोणत्या गणनेची, हे ते मितीपाशीच लिहून ठेवीत, आणि पत्राच्या कपाळी मुक्काम घालीत. वाचणाऱ्याने अंदाज बांधावा अशी त्यांची अपेक्षा नसे. आमच्या यंत्रांच्या वह्यांत मात्र '०३/०४, १०:१५' एवढाच मजकूर टाकून निश्चिंत झालेले लेखक मी शेकड्यांनी पाहिले आहेत, आणि त्यांत तिसरी एप्रिल की चौथी मार्च, दहा कोठले, सकाळचे की रात्रीचे, हे विचारावयास गेले तर लिहिणारा स्वतःच गोंधळात पडतो. फसली सन काही पुराणवस्तुसंग्रहालयात गेलेला नाही, हेही जाता जाता सांगितले पाहिजे: तमिळनाडूच्या महसूल खात्यात जमाबंदी आजही फसलीनेच होते, वर्ष १ जुलैला पालटते, आणि मी हे लिहितो आहे तेव्हा तालुका कचेरीत फसली १४३३ चालू आहे. ज्या गावात मामलेदाराच्या कागदांसाठी एक वर्ष, देवळातील उत्सवासाठी दुसरे आणि बँकेसाठी तिसरे, अशी सरमिसळ रोज सुरळीत चालते, त्या गावच्या माणसाने यंत्राच्या साध्या साडेपाच तासांपुढे हात टेकावेत, ही शरमेची बाब होय.

आता मुक्कामाविषयी. वेळ ही स्थळावर अवलंबून असते ही कल्पना आपणांस आगगाडी आणि तारयंत्र यांनी शिकवली असा एक समज आहे, तो निराधार आहे. सिद्धान्तग्रंथांनी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांतून जाणारी मध्यरेषा धरली होती आणि तिच्या पूर्वेस वा पश्चिमेस राहणाऱ्या गणकाने देशांतर संस्कार करूनच पंचांग मांडावे असा दंडक घातला होता. एका अंशास दहा पळे, म्हणजे आपल्या घड्याळाची चार मिनिटे. उज्जयिनीहून तंजावर साधारण सव्वातीन अंशांहून थोडे अधिक पूर्वेस, म्हणजे तेहतीस-चौतीस पळांचा फरक. सरफोजी महाराज १८२० मध्ये मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रेस निघाले, त्या वेळी तंजावरचे स्नानसंध्येचे गणित काशीच्या घाटावर तसेच्या तसे उपयोगी पडले नसते. तेथे सूर्य अडतीस-एकोणचाळीस पळे आधी माथ्यावर येतो. महाराजांच्या बरोबरच्या जोश्यास हे कोणी शिकवावे लागले असेल असे मला वाटत नाही.

इंग्रजांनी हेच गणित अधिक सूक्ष्म यंत्रांनी केले. मद्रासच्या वेधशाळेत जॉन गोल्डिंगहॅम याने १८०२ मध्ये रेखांश ८० अंश १८ कला ३० विकला ठरवला, आणि त्यावरून मद्रासची वेळ ग्रीनिचच्या ५ तास २१ मिनिटे १४ सेकंद पुढे धरली गेली. त्याच वर्षी विल्यम लॅम्टनने मद्रासनजीक आपल्या भूमापनाची पायारेषा मोजली, आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत १८०८ मध्ये तो आमच्या गावी पोहोचला. सपाट भातशेतीच्या या मुलुखात डोंगर कोठून आणावयाचा? म्हणून त्याने सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट हे कोन मोजण्याचे प्रचंड यंत्र बृहदीश्वराच्या मंदिरावर चढवावयास घेतले. मध्येच दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे अंशांकित चक्र वाकले. लॅम्टनने ते हार न मानता, दिवसच्या दिवस बसून, स्वतःच्या हाताने पुन्हा गोल केले. लहानपणी शिखराकडे पाहताना हे मला कोणी सांगितले नाही याची आज चुटपुट वाटते. कारण 'तंजावरचा रेखांश ७९ अंश ८ कला' हे जे आपण आज सहज टाइप करतो, त्याच्या पोटात तुटलेला दोर आणि वाकलेले पितळ आहे. त्या रेखांशाने तंजावरची खरी स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ५ तास साडेसोळा मिनिटे पुढे, मद्रासच्या पावणेपाच मिनिटे मागे, आणि आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे साडेतेरा मिनिटे मागे पडते. १८६१ मध्ये नागपट्टणमहून आगगाडी तंजावरात आली, पुढे रेल्वेने मद्रासची वेळ सर्वत्र चालू केली, आणि १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरील, साडेपाच तास पुढची, प्रमाणवेळ देशाला लागू झाली. साडेपाच तास म्हणजे तेरा घटिका पंचेचाळीस पळे. हा आकडा कोण्या जोश्यास दिला असता तर तो त्याने निमूटपणे आपल्या गणितात बसवला असता. मुंबईने मात्र तसे केले नाही. आपली स्वतःची, एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ तिथल्या नगरपालिकेने १९५५ पर्यंत सोडली नाही, आणि 'मुंबई टाइम की मद्रास टाइम' हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांच्या मराठीत पुष्कळ वर्षे खरोखरीचा प्रश्न होता.

ही प्रस्तावना येथवर लिहून झाली असता काल रात्री एक गोष्ट घडली, ती या पुस्तिकेच्या विषयास इतकी चपखल लागू पडते की मी ती मुद्दाम कथन करतो. काल रात्री असे म्हणतो खरा; घड्याळाच्या हिशेबाने ती आजचीच गोष्ट, कारण फोन वाजला तेव्हा पाऊण वाजून गेला होता. पण सूर्य उगवेपर्यंत दिवस पालटत नाही असे मानणाऱ्या घरात मी वाढलो, आणि मराठीही 'काल रात्री'च म्हणते. फोन न्यू जर्सीहून, भाच्याचा होता. तिकडे सोमवारची दुपार, सव्वातीनची वेळ. अंगणात उभा राहून तो सूर्यग्रहण पाहत होता आणि आजीला, म्हणजे माझ्या आत्याला, दाखवावे म्हणून त्याने व्हिडिओ लावला होता. आत्या, वय वर्षे ब्याऐंशी, पाडव्याच्या तयारीने जागीच होती. तिने पडद्यावरची ती सूर्याची कोर पाहिली, भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिले, आणि विचारले, "अमावास्या अकरा पन्नासला संपली की रे. आता प्रतिपदा लागली. प्रतिपदेला ग्रहण कसलं?"

या प्रश्नाला उत्तर देण्यास मला पाऊण तास लागला, आणि ते देता देता माझ्याच पुस्तिकेतील दोन प्रकरणे मला नव्याने समजली. तिथी ही गोष्ट पृथ्वीच्या मध्यबिंदूवरून मोजली जाते: चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी सरते, आणि हा सरण्याचा क्षण सबंध जगात एकच. आमच्या रात्रीचे अकरा पन्नास आणि न्यू जर्सीतील दुपारचे दोन वीस हे एकाच क्षणाचे दोन पोशाख. ग्रहण मात्र पृथ्वीच्या पाठीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला दिसते, आणि मध्यबिंदूवरून पाहणे व पाठीवरून पाहणे यांत जो फरक पडतो, ज्यास आपल्या ग्रंथांत लंबन अशी संज्ञा आहे, त्यामुळे त्याच्या अंगणातील ग्रहणाचा मध्य अमावास्या सरल्यावर तासाभराने आला. आत्याला लंबन पटले. तिची खरी शंका पुढेच होती. "मग त्यांच्याकडे पाडवा कधी?" तिथीचा क्षण जगभर एक असला तरी ती तिथी कोणत्या दिवसाला द्यावयाची हे स्थानिक सूर्योदय ठरवतो. प्रतिपदा आमच्याकडे मंगळवारी रात्री साडेआठला सरणार, म्हणजे त्यांच्या मंगळवारी सकाळी अकराला. त्यांचा मंगळवारचा सूर्य तिच्या आतच उगवणार. सबब या वर्षी दोघांचाही पाडवा नऊ तारखेस. एखाद्या वर्षी तिथीची वेळ थोडी इकडेतिकडे झाली की तोच सण तिकडे आदल्या तारखेला येतो, आणि मग परदेशातील मंडळींत फोनाफोनी सुरू होते. संकष्टीचे तर गावागणिक निराळे: चंद्रोदय मुंबईपेक्षा आमच्याकडे रेखांशाच्या हिशेबाने पंचवीस मिनिटे आधी, अक्षांशाने त्यात कमीजास्त, आणि मुंबईची वेळ पाहून तंजावरात उपास सोडणाऱ्याला विनाकारण भुकेले राहावे लागते.

प्रोग्रॅमरास लागणारे सारे शास्त्र आत्याच्या या दोन प्रश्नांत आले. क्षण एक, त्याचे दिवसात रूपांतर स्थळागणिक अनेक. व्यवहार घडला, पैसे जमा झाले, पत्र रवाना झाले, हे क्षण आहेत. ते यूटीसीत ठेवावेत आणि दाखवतेवेळी, अगदी शेवटच्या पायरीस, वाचणाऱ्याच्या मुक्कामाची वेळ त्यांना नेसवावी. जन्मतारीख, पाडवा, रजेचा दिवस हे दिवस आहेत. त्यांना घड्याळ चिकटवूच नये, म्हणजे ते कोणाच्या साडेपाच तासांत सापडत नाहीत. आणि तिसरा एक वर्ग आहे ज्याची हयगय सर्वांत जास्त होते: पुढे घडावयाच्या, माणसांनी ठरवलेल्या वेळा. आमचा भाचा दर रविवारी त्याच्या सकाळी साडेनऊला आत्याला फोन करतो. उन्हाळ्यात आमच्याकडे तेव्हा सायंकाळचे सात असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका आपली घड्याळे तासभर मागे घेते आणि आमच्याकडे आठ वाजतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा सात. ही वेळ जर कोणी यूटीसीत गोठवून ठेवली तर अर्धे वर्ष आत्या तासभर फोनपाशी बसून राहील किंवा देवपूजेतून उठवली जाईल. ठेवावयाचे ते 'रविवार, साडेनऊ, न्यू यॉर्क'. गावाचे नाव ठेवावे, फरकाचा आकडा नव्हे.

गावाचे नाव का, हे पटण्यास एक उदाहरण आमच्या किनाऱ्यासमोरच आहे. श्रीलंका कितीतरी वर्षे आमच्याबरोबर साडेपाच तासांवर चालत होती. १९९६ च्या २५ मे रोजी तिने साडेसहा तास धरले, त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला सहा, आणि १५ एप्रिल २००६ ला पुन्हा साडेपाच. ज्याने कोलंबोच्या नोंदींपुढे 'अधिक साडेपाच' असे लिहून ठेवले त्याच्या दहा वर्षांच्या वेळा चुकल्या. ज्याने 'एशिया/कोलंबो' लिहिले त्याच्या चुकल्या नाहीत, कारण त्या नावामागे वेळेच्या फेरफारांची सबंध कैफियत जतन केलेली असते. हे नावांचे कोठार आर्थर डेव्हिड ओल्सन याने सुरू केले, पुढे पॉल एगर्ट याने संपादिले, आणि २०११ पासून ते आयाना या संस्थेच्या छत्राखाली आहे. आपल्या देशासाठी त्यात 'एशिया/कोलकाता' हे एकच नाव आहे. जुने 'एशिया/कलकत्ता' उपनाम म्हणून राहिले आहे आणि काही ब्राउझर अजून त्याच नावाने हाक मारतात. गंमत पाहावी: या नावाने १८९० सालची वेळ मागितली तर कोठार ५ तास २१ मिनिटे १० सेकंदांचा फरक देते. नाव कोलकात्याचे आणि वेळ मद्रासची, तीही गोल्डिंगहॅमच्या आकड्याहून चार सेकंदांनी उणी. तंजावरच्या माणसास ते सोयीचे. पण मुंबईच्या १९३० सालच्या पालिकेच्या कागदास हे कोठार काडीचा उपयोग करणार नाही, कारण १९७० पूर्वीच्या स्थानिक भेदांची हमी ते घेतच नाही. जुन्या कागदांवर काम करणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

तरीही एका बाबतीत कोठाराने माझी लाज राखली. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, हिंदुस्थानची घड्याळे तासभर पुढे होती, आणि कोठारात याची नोंद आहे. माझ्या वयाच्या प्रोग्रॅमरांपैकी दहांत एकासही हे ठाऊक नसते. आमच्या वीथीतील ज्योतिष्यांस मात्र पक्के ठाऊक, १९४३-४४ ची जन्मवेळ सांगितली की ते चष्म्यावरून पाहून विचारतात, "वॉर टाइम वजा केला आहे का?" एक लग्न साधारण दोन तास चालते, तेव्हा एका तासाने सबंध कुंडली पालटू शकते, आणि म्हणून ज्यांचा धंदाच अचूक वेळेवर चालतो त्यांनी ही आठवण ऐंशी वर्षे जपून ठेवली. कुंडलीच्या भाकितावर माझा विश्वास नाही. तिच्या मांडणीतील या काटेकोरपणाबद्दल मात्र मला नितांत आदर आहे.

तारीख छापण्याच्या अक्षरखुणांविषयी पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हा येथे लांबण लावीत नाही. लहान एम म्हणजे मिनिटे आणि मोठा एम म्हणजे महिना, हे उलटे करणाऱ्याच्या तारखांत सदतिसावा महिना उगवतो, त्यामुळे ती चूक लवकर पकडली जाते. जावातील मोठ्या वायची चूक अधिक कपटी: लहान वाय म्हणजे पंचांगी वर्ष, मोठा वाय म्हणजे आठवड्यांवरून मोजलेले वर्ष, आणि ही दोन्ही वर्षभर हातात हात घालून चालतात ती फक्त डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर वेगळी होतात. ३० डिसेंबर २०१९ हा सोमवार आंतरराष्ट्रीय रीतीने २०२० च्या पहिल्या आठवड्यात पडतो, आणि मोठ्या वायने तो ३० डिसेंबर २०२० असा छापून निघतो. 'आयएसटी' या तीन अक्षरांवरही विसंबू नये. भारत, इस्राएल आणि आयर्लंड तिघेही त्यावर हक्क सांगतात.

भाषा आणि मुक्काम यांची गल्लत हा आणखी एक सार्वत्रिक दोष. पडदा मराठीत मागितला म्हणून वाचणारा महाराष्ट्रात असेल असे नव्हे; मी मराठीत मागतो आणि तंजावरात बसतो, भाचा मराठीत मागतो आणि न्यू जर्सीत. प्रचलित जागतिक संकेतांप्रमाणे मराठी पडद्यावर आकडे आपोआप देवनागरी येतात, तमिळ पडद्यावर इंग्रजी; म्हणून आमच्याच घरात माझ्या फोनवर आज '९' आणि तमिळ शेजाऱ्याच्या फोनवर तोच नऊ दुसऱ्या वेषात. भाषेने दिवसाचे भागही निराळे पाडले आहेत. रात्री बारानंतरच्या वेळेस आपण एएम म्हणत नाही, 'रात्री सव्वाबारा' म्हणतो, आणि चौदा तारखेच्या ००:१५ च्या गाडीचे तिकीट हाती असता चौदाच्या रात्री जेवूनखाऊन, डबे बांधून स्टेशनावर पोहोचणारे कुटुंब प्रत्येक मराठी घराण्यात एक तरी निघते. आमच्याकडचे कोण, ते सांगत नाही; आत्याने हे वाचले तर ओळखेल. तिकिटावर 'तेरा तारखेच्या रात्री' एवढे तीन शब्द अधिक छापले असते तर त्या कुटुंबाचे भाडे वाचले असते, आणि हे शब्द छापणे कोणत्याही प्रोग्रॅमास अवघड नाही.

कोल्हापूरकडील त्या कारकुनांना दुरुस्त केलेले दाखले मी स्वतः नेऊन दिले. त्यांनी पहिला दाखला हाती घेतला, एक जून दिसल्यावर मान हलवली, आणि मग खालच्या ओळीकडे बोट दाखवून म्हणाले, "दिल्याची तारीख घातलीत, ठिकाण नाही घातलं." ते घालूनच ही प्रस्तावना पुरी करतो.

मुक्काम तंजावर.
मंगळवार, चैत्र शुद्ध १, शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, तमिळ गणनेने पंगुनी मास, शोभकृत् संवत्सर, क्रोधी लागण्यास अजून पाच दिवस, राष्ट्रीय दिनदर्शिकेने २० चैत्र १९४६, फसली १४३३, इसवी सन ९ एप्रिल २०२४, सकाळी साडेनऊ, भारतीय प्रमाणवेळ, यूटीसी अधिक साडेपाच तास.